झोपलेल्या कामाचं कुलूप

रक्तपेढीचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर ताई उपाशीपोटी ऑपरेशनची वाट बघत पडली होती. ऑपरेशन आधीच एकदा पुढे ढकललेलं. तातडीच्या रुग्णाला कागदावर सही घेऊन रक्त मिळतं. ताईसारख्या ठरवून आलेल्यांसाठी रक्त आधी कॉम्प्युटरवर राखून ठेवावं लागतं. ते दुपारपर्यंत झालं नाही, तर डॉक्टर दुसऱ्या रुग्णाला आत घेणार होते. आणि हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळायला होती कोण, तर ताईची सख्खी बहीण. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे.

धाकटीने सर्व्हरवरची कामं स्क्रीनवर आणली. प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था होती. काही 'रनिंग', म्हणजे चालू. काही 'स्लीपिंग', म्हणजे झोपलेली. आणि बाकी सगळी 'वेटिंग', नुसती ताटकळत उभी. तिच्या साहेबांनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की अडलं तर जे काम जास्त वेळ खातंय ते उडवायचं, म्हणजे मध्येच बंद करून टाकायचं. हे शिकवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला नुसतं पंख्याखाली बसवण्यासारखं, पण तेव्हा तिला ते पटलं होतं.

तिने हिशेब विभागाचा एक भलामोठा रिपोर्ट उडवला. तसूभर फरक नाही. मग वेटिंगवाल्यांतली सगळ्यात जुनी कामं एकेक करून उडवली. झोपलेल्यांकडे तिने पाहिलंही नाही. झोपलेलं बिचारं कुणाचं काय बिघडवणार? वॉर्डातून फोन आला, ऑपरेशन थिएटरमधून आला, प्रत्येकाचा आवाज आधीच्यापेक्षा चढा. शेवटी रक्तपेढीतल्या बाईंचा आला. त्या म्हणाल्या, सकाळी सगळ्यात आधी भरलेली मागणी मध्येच गायब झाली, आता परत पहिल्यापासून भरायची का? नाव विचारलं, तर ताईचंच.

धाकटीने कपाळाला हात लावला. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मग ती एकदाची नीट वाचायला बसली. प्रत्येक वेटिंग कामाच्या शेजारी ते कुणामुळे अडलंय त्याचा नंबर होता, आणि सगळीकडे नंबर एकच. तो शोधला, तर पुढे लिहिलेलं: स्लीपिंग. आणि ते काम होतं साहेबांचं. सकाळी त्यांनी रक्ताच्या साठ्यात काहीतरी दुरुस्ती सुरू केली आणि ती पक्की न करताच ते मीटिंगला निघून गेले. सर्व्हरच्या लेखी ते काम आता काही करत नव्हतं, म्हणून झोपलेलं. पण दुरुस्ती पक्की होईपर्यंत साठ्याला लागणारं कुलूप त्याने झोपेतही सोडलं नव्हतं.

तिने साहेबांना फोन लावला.

"माझं काम? अगं, मी मीटिंगमध्ये आहे. माझं काहीच चालू नाहीये. नीट बघ, झोपलेलं दिसेल."

"झोपलेलंच आहे, सर. त्यानेच सगळ्यांना अडवलंय."

"त्याला हात लावू नकोस. माझी सकाळची मेहनत वाया जाईल."

तिने फोन ठेवला आणि ते काम उडवलं. क्षणात रांग हलली. वेटिंगमध्ये उरलेली कामं पटापट सुटली, अगदी मागून आलेलीसुद्धा. ताईची मागणी तेवढी त्यांत नव्हती. तिथेच उभी राहू दिली असती, तर आता तीच सगळ्यात आधी सुटली असती. बाईंनी ती नव्याने भरली, रक्त जुळतंय का बघणाऱ्या तपासणीवाल्याची मंजुरी पुन्हा मागवली, आणि रक्त राखलं गेल्याचं दिसताच धाकटी जिन्याने धावत वर गेली.

ताई उशीला टेकून बसली होती, हातात रिकामा कप.

"डॉक्टरांनी दुसऱ्याला आत घेतलं. मला पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मग म्हटलं, निदान चहा तरी द्या." ती दमून गेली होती. "रक्तपेढीत कुणीतरी आपली मागणीच काढून टाकली म्हणे. अशी माणसं कामावर ठेवतात तरी कशाला?"

धाकटीने तिच्या हातातून कप घेतला.

"मीच काढली, ताई," ती म्हणाली.