सात नंबरची पिशवी

आमच्या संग्रहालयात पालींच्या विभागात दोनच माणसं, सर आणि मी. सर डोंगर पालथे घालून पाली आणायचे, मी बरण्या, लेबलं आणि कापडी पिशव्या सांभाळायचे. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. सरांचा एक नियम होता. दौऱ्याहून आलेली प्रत्येक पिशवी उलटी करून धुवायची आणि उलटीच वाळवायची, कारण शिवणीत काहीही अडकून राहतं. "दोरीवर सुलटी पिशवी दिसली, तर तुला बरणीत घालीन," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "तेवढी मोठी बरणी आधी मंजूर करून आणा."

समुद्रकाठच्या दौऱ्यातल्या पिशव्या धूत होते, तेव्हा शेजारणीचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. सहा पिशव्या उलट्या करून झाल्या होत्या. सात नंबरची तशीच बुचकळली, न पिळताच दोरीवर टाकली आणि धावले. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पुढे कितीतरी दिवस पिशवी माझ्या डोक्यातही आली नाही.

तीन महिन्यांनी सर डोंगरावरून आले ते जिन्यातूनच मला हाका मारत. सात नंबरच्या पिशवीत घाईघाईने टाकलेल्या पाच पिल्लांतलं एक समुद्रकाठच्या खडकांवर राहणाऱ्या जातीचं निघालं होतं, आणि समुद्र तिथून तीनशे किलोमीटर लांब. बायको गेल्यापासून सर कुणाशी धड बोलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी पहारेकऱ्यालासुद्धा धरून ते पिल्लू दाखवलं. ती पिशवी तर धुवायलाही दिली नाही, नशीबवान म्हणून टेबलामागच्या खुंटीला टांगली. शास्त्रीय नियतकालिकाला पेपर लिहून पाठवला. परीक्षकांनी कळवलं, एका पिल्लावर भागणार नाही, आणखी एक आणा.

सर पुन्हा निघाले, त्याच्या आदल्या दिवशी सामान भरताना खुंटीवरची ती पिशवी माझ्या हातात आली. मी सवयीने उलटी केली. शिवणीत पांढरं टरफल चिकटलेलं होतं. पालीचं अंडं. अशी शेकडो पाहिलीत मी, भिंगही लागलं नाही. शेजारणीचा फोन आला त्या दिवशी हीच पिशवी मी न उलटता दोरीवर टाकली होती.

सर शेजारच्या खोलीत शीळ घालत बूट पुसत होते. मी दारात गेले.

"सर."

"काय गं?"

तोंडातून निघालं ते असं, "गुडघा सांभाळा."

"आता तू माझी आई होऊ नकोस," ते हसून म्हणाले.

मी मनाची समजूत घातली. पाल तिथे नाहीच, तर सापडणार काय? चार दिवस हिंडतील, हात हलवत परत येतील, पेपर आपोआप बारगळेल आणि माझी झाकली मूठ राहील. खोटं कशाला सांगू, नोकरीची भीती नव्हती. कधीही न चुकणारी बाई म्हणून सर मला ओळखायचे, ते मला सोडवेना. टरफल काडेपेटीत घातलं आणि काडेपेटी पर्समध्ये.

सहाव्या दिवशी सर कड्याखाली सापडले.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी त्यांचं सामान घेऊन आली. विजेरी, वही, पिशव्या असं एकेक माझ्या टेबलावर ठेवलं. सगळ्या पिशव्या रिकाम्या होत्या.

"मावशी, बाबांचा पेपर आता तुम्हीच पूर्ण करा," ती म्हणाली. "वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्याबद्दल लिहिलंय बघा."

सरांचं बारीक, पेन्सिलीतलं अक्षर.

'पाचवा दिवस. एकही नाही. शंका येते, पिल्लू पिशवीतूनच तर आलं नसेल? पण पिशव्या तिने धुतल्या होत्या आणि ती चुकत नाही. म्हणजे पाल इथे आहेच. कड्याची बाजू तेवढी राहिली आहे. उद्या तिकडे.'

"किती विश्वास होता बाबांचा तुमच्यावर," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "कराल ना पूर्ण?"

"हो," मी म्हणाले, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.