आट्यांचं स्टूल

सासूबाईंनी पर्स कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवली, पियानोपुढचं गोल स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि जातं ओढावं तसं गरगर फिरवून खाली उतरवलं. आटे करकरले. मग त्यावर टेकून, पाय जमिनीला लागतात याची खात्री करून त्या म्हणाल्या,

"आमच्या घरचं स्टूल कोणीतरी वर करून ठेवतं हो, बाई. परवा बसले तर पाय लोंबकळायला लागले, बालवाडीतल्या पोरीसारखे."

"घरात उंच कोण आहे?" पियानोच्या बाईंनी विचारलं.

"मुलगा आहे. पण तो कशाला बसेल! त्याच्या लेखी पियानो म्हणजे जागा अडवणारं कपाट. सूनही ताडमाड आहे, पण ती हात लावायची नाही. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता शिवणार नाही, अशी आहे ती."

बाईंनी पेन्सिलीचं टोक नीट पाहिलं, जणू ते आत्ताच्या आत्ता तपासणं अगदी गरजेचं होतं.

कारण गेल्याच गुरुवारी, याच स्टुलावर, ते तीन वेढे वर चढवून एक उंच विद्यार्थिनी बसली होती आणि म्हणाली होती, "घरचं स्टूल सारखं खाली गेलेलं असतं. आटे झिजले असतील का हो, बाई?" तिच्या हातात सासूबाईंचीच निळी छत्री होती, दोऱ्याने मूठ शिवलेली. दोघी एकाच घरच्या असाव्यात, असा बाईंना आतापर्यंत छत्रीवरून नुसता संशय होता. स्टुलाने खात्री पटवली.

बाईंनी उमेदीची वर्षं मंचावर काढली होती. मोठी सभागृहं, पायघोळ काळा झगा, पहिल्या रांगेनंतर नुसता काळोख. टाळ्या त्या काळोखातून यायच्या, कोणाच्या ते कळायचं नाही. आता त्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवत आणि समोरच्याचं तोंड चांगलं दिसे. सगळ्यात लहान विद्यार्थिनी चिमणी, पुढचे दात पडलेली. सगळ्यात मोठे निवृत्त न्यायाधीश. ते चुकले की स्वतःच "हरकत मान्य" म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. या सगळ्यांसाठी बाईंचा नियम एकच होता. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालायची नाही. दातांची डॉक्टरीण एका पेशंटचे दात दुसऱ्याला दाखवते का? तसंच ते.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हे वाजवायचे आणि मी पुसायचे. एकही पट्टी न वाजवता पियानो कसा पुसायचा, ते मला विचारा. हे गेले. मग एक दिवस पुसता पुसता पट्टी वाजली. दचकले. मग म्हटलं, आता कोण रागावणार आहे? अजून एक वाजवली." आणि लगेच आवाज खाली आणून, "घरी कळता कामा नये बरं का. आईला या वयात काय सुचलंय, म्हणून हसतील."

सून म्हणाली होती, "बाबा वाजवायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. आई तो पियानो रोज स्वतः पुसतात, मला फडकंसुद्धा देत नाहीत. मी वाजवते असं कळलं तर त्यांना वाटेल, ही जाऊन बसली त्यांच्या जागेवर."

तेव्हा सासूबाई दुपारी, दोघं कामावर गेली की वाजवायच्या. सून संध्याकाळी, सासूबाई मैत्रिणींबरोबर फिरायला गेल्या की. एकाच घरात एकच पियानो दोन चोर मिळून वाजवत होते.

सगळं असंच छान चाललं असतं. पण एका मंगळवारी सासूबाई आल्या त्या स्टूल न फिरवताच बसल्या. पाय लोंबकळत राहिले.

"मुलगा पियानो विकतोय," त्या म्हणाल्या. "एका हॉटेलला हवाय. खाली, लोक येऊन बसतात ना, तिथे ठेवायला. म्हणतो, आई, कोणी वाजवत नाही, नुसता धूळ खातोय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, धूळ कशी खाईल, रोज पुसते मी." त्यांनी एक पट्टी न वाजवता दाबली आणि सोडली. "बरंच झालं म्हणा. तेवढं पुसायचं काम वाचेल."

त्या दिवशी त्यांचा डावा हात एकदाही जागेवर पडला नाही.

गुरुवारी सून म्हणाली, "आईंनी ठरवलं असेल तर मी कोण मध्ये बोलणारी? त्या तर म्हणाल्या, बरंच झालं."

बाई त्या रात्री जेवताना स्वतःशीच चिडल्या. एक वाक्य. एकच वाक्य इकडचं तिकडे केलं असतं तर काम झालं असतं. पण ज्या दोघींनी आपलं गुपित विश्वासाने या खोलीत आणून ठेवलं होतं, त्यांच्यापैकी एकीचं उघडं करायचं, तर ते कुठल्या तोंडाने? जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून स्वरलिपीची जुनी पानं काढली. चार हातांची रचना होती. दोघांनी शेजारी शेजारी बसून वाजवायची, एकाने खालचे सूर, एकाने वरचे. बाईंनी दोन्ही भाग वेगवेगळे केले. नियम बोलण्याबद्दल होता. वाजवण्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नव्हतं.

"हे काय दिलंत?" सासूबाईंनी पुढच्या मंगळवारी नाक मुरडलं. "नुसतं ढुम-ढुम, ढुम-ढुम. चालच नाही याला. भाजीत भाजीच नाही, नुसतं पाणी."

"वाजवून तर बघा."

"माझं गाणं वरच्या वर लटकतंय," सून गुरुवारी म्हणाली. "खाली काही हवं होतं का?"

"हवं होतं," बाई म्हणाल्या. "वाजव."

सून चांगली वाजवायची. फक्त तिसरी ओळ संपली की ती थांबायची. लिहिलेल्या विरामापेक्षा एक मात्रा जास्त. बाईंनी पेन्सिलने खूण केली, टेबलावर बोटाने ठेका धरला, शेवटी तिचं मनगट धरून वेळेवर खाली नेलं. तरी ती थांबायचीच.

"तिथे काय दिसतं तुला?"

"काही नाही. तिथे श्वास घ्यावासा वाटतो. तेवढंच." आणि ओशाळून, "पुढच्या वेळी नाही थांबणार."

पुढच्या वेळीही थांबली.

एक गोष्ट मात्र बाईंच्या लक्षात आली. स्टुलाची तक्रार आता दोघींपैकी कोणीच करत नव्हती. सवय झाली असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

मग मुलाचा फोन आला. बाईंचा नंबर त्याला पियानोचे सूर जुळवणाऱ्याने दिला होता. हॉटेलवाले विचारताहेत पियानो चालू स्थितीत आहे का, जाणकार म्हणून एकदा येऊन बघाल का? बाई म्हणाल्या, "शनिवारी येते."

दार सुनेने उघडलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, परत आला, आणि ती म्हणाली, "या ना. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाई आतून पदराला हात पुसत आल्या आणि जागीच थबकल्या. मग हनुवटी वर करून, "तुम्ही पियानो शिकवता वाटतं? बरं असतं का हो ते काम?"

"माणसं भेटतात तऱ्हेतऱ्हेची," बाई म्हणाल्या.

मंचावर गेलेल्या सगळ्या वर्षांत एवढा पक्का अभिनय त्यांनी पाहिला नव्हता. बिचारा मुलगा मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना हसत होता. खिडकीच्या अंगाला पियानो होता, तपकिरी, कुठेही धुळीचा कण नसलेला. त्याच्याभोवती टेपने जमिनीवर चौकोन आखलेला होता. तिथे मुलाचं कामाचं टेबल येणार होतं.

बाईंनी झाकण उघडलं, आत डोकावून तारा पाहिल्या, पेडलं दाबली. "लांब उभं राहून ऐकावं लागेल," त्या म्हणाल्या. "मीच वाजवलं तर मला नीट कळत नाही. कोणीतरी पट्ट्या दाबायला हवं. खालच्या एक जण, वरच्या एक जण."

"आमच्यात कोणालाच येत नाही हो," मुलगा म्हणाला. "मी दाबू का?"

"तू बस," सासूबाई म्हणाल्या. "तू दाबलंस तर मोडेल. मीच दाबते. दाबायच्याच तर आहेत." आणि त्या स्टुलावर जाऊन बसल्या, खालच्या अंगाला.

सून क्षणभर जागच्या जागी उभी होती. मग स्वयंपाकघरातून खुर्ची घेऊन आली आणि वरच्या अंगाला लावली.

"काहीही वाजवा," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी गेल्या.

मागे खुर्ची जराशी सरकल्याचा आवाज. मग खालून ढुम-ढुम सुरू झालं, आधी बिचकत, मग बऱ्यापैकी. ते चार वेळा आलं आणि त्याच्यावर हलकेच ती चाल उतरली. इतके आठवडे लटकत राहिलेलं गाणं अखेर टेकलं. मुलाच्या हातातला मोबाइल वाजून वाजून थांबला.

पहिली ओळ. दुसरी. सासूबाई एकदा चुकल्या, "अगं आई गं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तिसरी ओळ संपायला आली, तशा बाई खिडकीतून वळल्या. इथे आता गाडी रुळावरून घसरणार. सून एक मात्रा थांबणार, सासूबाई लिहिल्याप्रमाणे पुढे निघणार, आणि दोघी एकमेकींवर आदळणार. दोघींना वेगवेगळं शिकवताना आपण याचा विचारच केला नव्हता.

सून थांबली.

सासूबाईही थांबल्या. हात पट्ट्यांच्या वर धरून, एक मात्रा. सुनेने श्वास घेतला आणि दोघी एकदम पुढे निघाल्या.

बाईंनी खिडकीच्या चौकटीला हात टेकला. ही चूक पानावर नव्हती. मंगळवारी बाईंच्या खोलीत सासूबाई तिथे कधीच थांबल्या नव्हत्या. गुरुवारचा तास सोडला तर ती चूक फक्त या घरात ऐकायला मिळत होती, संध्याकाळी, फिरायला न जाता जिन्यात उभं राहिलेल्या माणसाला.

वाजवणं संपल्यावर बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सून खुर्चीच्या कडेला धरून बसली होती. सासूबाई पदराने पट्ट्या पुसत होत्या आणि या खेपेला त्या सगळ्या वाजत होत्या.

"आई?" मुलगा म्हणाला. मग बायकोला, "अगं?" मग बाईंना, "म्हणजे चालू स्थितीत आहे तर."

"आहे," बाई म्हणाल्या. "रोज चालू असतो असं दिसतंय."

"मग हॉटेलवाल्यांना काय सांगू?"

"सांग, आमच्याकडे दोन माणसं तो वाजवतात," सासूबाई म्हणाल्या. "आणि एक माणूस टेबल बेडरूममध्ये ठेवतो." मग सुनेकडे न बघता, "किती वेळ थांबतेस गं तिथे. हात दुखून आला माझा."

"सॉरी, आई."

"सॉरी कसलं. थांब की. चांगलं वाटतं."

सून हसली, आणि हसताना तिला डोळे पुसावे लागले, म्हणून ती चहा टाकायला आत निघून गेली.

पुढच्या मंगळवारी सासूबाई वेळेवर आल्या. बाईंनी सुचवून पाहिलं, "आता दोघी एकत्रच येत जा की. दोघींचा एकच तास."

"छे, छे! माझा मंगळवार मी सोडणार नाही. आणि तिचा गुरुवार तिला राहू दे. घरी आहोतच की एकमेकींच्या डोक्यावर." त्यांनी स्टूल फिरवून खाली आणलं आणि वाजवायला बसल्या. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, एकट्याच असून, एक मात्रा थांबल्या. बाईंनी पेन्सिल उचलली, मग पानाला न लावता कानामागे खोचली.

तास संपला. सासूबाई उठल्या, बोलता बोलता वळल्या, आणि स्टूल धरून गरगर वर फिरवायला लागल्या. एक वेढा, दुसरा, तिसरा.

"अहो, राहू दे," बाई म्हणाल्या. "आता चिमणी येणार आहे. तिला खालीच लागतं."

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "घरची सवय हो."

आणि ते परत खाली फिरवायला लागल्या, हळूहळू, आटे करकरू न देता.