माहितीबाईंचा पाहुणचार

हॉटेलातल्या मंडळींनी त्यांचं खरं नाव केव्हाच बासनात गुंडाळून ठेवलं होतं. मॅनेजरपासून धोब्यापर्यंत सगळे त्यांना माहितीबाईच म्हणत. दारातून आत आलं की डाव्या हाताला किल्ल्यांचा काउंटर आणि त्याच्या शेजारी, खांबाला खेटून, एक लहानसं टेबल. त्या टेबलामागे बाई बसत. शहरात नवखा आलेला माणूस मुख्यतः दोनच गोष्टी विचारतो: चांगलं खायला कुठे मिळेल आणि संध्याकाळ कुठे घालवावी. एवढ्या दोन प्रश्नांवर बाईंनी उभी नोकरी काढली होती, आणि अजून त्यांना कंटाळा आला नव्हता.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. कुणालाही दोनपेक्षा जास्त नावं सांगायची नाहीत. तीन सांगितली की माणूस गोंधळतो आणि चौथ्याच ठिकाणी जाऊन वाईट जेवतो, असं त्यांचं ठाम मत. लहान मूल असलेल्या जोडप्याला त्या नदीकाठच्या बागेतल्या खाणावळीत पाठवत, कारण तिथे मूल टेबलाखाली शिरलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. वाटेत भांडून आलेल्या नवराबायकोला बाहुल्यांच्या खेळाला. तिथे अंधार असतो, आणि कितीही दात आवळून बसलं तरी हसू येतंच. एकट्यादुकट्या म्हाताऱ्याला धक्क्यावरच्या सूपवाल्याकडे, कारण सूपवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही. मग हॉटेलच्या कागदाच्या पाठीवर नकाशा काढायचा, बाण दाखवायचे आणि पाहुण्याला वाटेला लावायचं. स्वतः मात्र कधीही बरोबर जायचं नाही. "मी आले की तुम्ही माझ्याकडे बघून खाणार, मग त्यात मजा कसली," असं त्या म्हणत.

तर अशा या माहितीबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, दूरच्या गावात दवाखान्यात नर्स. मुलगा त्याच गावचा, शाळेत शिकवणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि दोन्हीकडच्या आईबापांचं बोलणं झालं होतं ते नुसतं फोनवर. आता मुलाचे आईवडील दोन दिवस शहरात येणार होते. बाईंना त्या बातमीने घाम फुटला. लेक उद्या त्या घरात नांदायची. या दोन माणसांच्या मनात आपल्याबद्दल गोडी राहिली तर लेकीला तिथे पहिले दिवस सोपे जातील, नाहीतर बोलणी तिला खावी लागतील. हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना घराची लाज वाटत होती. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचा गाळा खाली होता, पण तिथे न मावलेली घड्याळं जेवणाच्या टेबलावर पोट उघडी टाकून पडलेली असत. ते एक वेळ झाकता आलं असतं. स्वयंपाक कसा झाकणार? शहरातल्या प्रत्येक चुलीची खबर ठेवणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या चुलीवर जे शिजे त्याला जेवण म्हणायचं ते केवळ ताटात वाढतात म्हणून. नवरा लग्नापासून ते निमूट गिळत आला होता. विहीणबाईंनी का गिळावं?

म्हणून बाईंनी आपल्याला जमतं तेच केलं. मॅनेजरला गळ घालून नदीकडे खिडकी असलेली खोली मिळवली आणि दोन दिवसांचा असा बेत आखला की मंत्र्याच्या पाहुण्यांनीही तोंडात बोट घालावं.

व्याही-विहीण आले. व्याह्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. माणूस धिप्पाड पण बोलायला लाजरा, खुर्चीच्या कडेवर बसणारा. विहीणबाई ठेंगण्या, शाळेच्या मुलांचे गणवेश शिवणाऱ्या. समोरच्याच्या खांद्याचं माप त्या बोलता बोलता डोळ्यांनीच घेत. बाईंनी हॉटेलच्या दिवाणखान्यात चहा दिला आणि नकाशा पुढे सरकवला.

"आधी धक्क्यावर सूप, मग भाजलेला मासा, आणि तिथून बाहुल्यांचा खेळ. सगळीकडे माझं नाव सांगा, खिडकीजवळची जागा देतील."

"तुम्ही नाही येत?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी आले तर तुम्हाला मोकळेपणा कसा मिळणार? तुम्ही दोघं जा हो निवांत."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने नकाशाकडे, आणि दोघं निघाले.

संध्याकाळी ते परतले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

"कसा होता मासा?"

"छान होता," व्याही म्हणाले.

"आणि सूप?"

"तेही छान."

"बाहुल्या?"

"त्याही छान होत्या हो," विहीणबाई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन वर गेल्या.

इतक्या वर्षांत बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. खूश झालेला पाहुणा कुरकुर करतो. मासा झकास पण वेटर तिरसट, खेळ मजेचा पण बाक टणक, असं बोलतो. ज्याला सगळंच सारखं छान वाटतं, त्याला काहीच आवडलेलं नसतं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला हे सांगितलं. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"मग घरी बोलव की त्यांना," तो म्हणाला.

"घरी? आणि काय दाखवू? तुमचे स्क्रू?"

"माझे स्क्रू बघण्यासारखे आहेत."

"अहो, थट्टा पुरे. माझी निवड चुकली. लोखंडाच्या दुकानातल्या माणसाला बाहुल्या कशा आवडतील? उद्या जरा वरच्या दर्जाचं बघते."

नवरा भिंग सारखं करून पुन्हा कामाला लागला. बायको बेत आखायला लागली की गप्प बसावं, हे शहाणपण त्याच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात आखडता घेतला नाही. सकाळी नदीतून लाँचची फेरी, दुपारी नाट्यगृहाच्या गच्चीवरचं जेवण, जिथे पाण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत भरतात, आणि मग बागेत वाद्यवृंद. व्याही कोट घालून निघाले. परत आले ते लंगडत. नव्या बुटांनी टाचेला फोड आला होता.

"छान झालं सगळं," ते म्हणाले आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

बाई पर्स उचलून घरी निघणार, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, तू काय केलंस त्यांना?"

"काय केलं म्हणजे? राजाराणीसारखं ठेवलंय."

"त्याच्या आईचा आत्ताच मला फोन आला होता. विचारत होत्या, तुझ्या आईला आमच्यात काय खोट दिसली? दोन दिवस सगळं शहर दाखवलं, पण घराचा उंबरा काही दाखवला नाही. पाच मिनिटं आमच्यासमोर बसल्या नाहीत. त्यांना वाटतंय की हे स्थळ तुझ्या मनात नाही, म्हणून तू त्यांना गोड बोलून बाहेरच्या बाहेर फिरवतेस."

"अगं, मी तर..."

"उद्या दुपारच्या गाडीने ते निघणार आहेत. आई, मला त्या माणसांत राहायचंय."

बाई तशाच वर गेल्या. खोलीच्या दारावर टकटक करायला हात उचलला, पण तोंड उघडून काय सांगणार? घर लहान आहे आणि मला स्वयंपाक येत नाही म्हणून तुम्हाला दूर ठेवलं? आतून व्याह्यांचा आवाज आला, "जाऊ दे गं. मोठी माणसं आहेत ती. आपल्या पोराला मुलगी चांगली मिळाली, बास." बाईंचा हात खाली आला. त्यांना रडू फुटलं आणि त्या मागच्या जिन्याने उतरून घरी गेल्या. शहरभर लोकांना वाट दाखवणाऱ्या बाईंना त्या दिवशी स्वतःला काय करावं ते सुचेना.

सकाळी त्या टेबलापाशी येऊन बसल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. विहीणबाई खाली आल्या की सरळ पाय धरायचे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण समोर पाहुणे उभे. एका तरुण जोडप्याला मुलासाठी दूध-भात कुठे मिळेल ते हवं होतं. बाईंनी नकाशा काढून दिला, ते जोडपं बाजूला झालं, आणि त्यांच्या मागे रांगेत, हातात पिशवी घेऊन, विहीणबाई उभ्या होत्या.

बाई उठायला गेल्या.

"बसा," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कामावर आहात. आम्हालाही एक ठिकाण हवंय, दुपारपर्यंत बसायला. सांगता का?"

"कसं... कसं हवं?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ह्यांच्या टाचेला फोड आलाय, तेव्हा पाय पसरून बसता येईल असं. जेवण साधं चालेल, बिघडलेलं असलं तरी चालेल. पण समोर बसून कुणीतरी तुमच्या लेकीबद्दल सांगायला हवं. ती लहानपणी कशी होती, कशाला घाबरते, रुसली की काय करते. आमच्या घरात यायची आहे ती, आणि आज आम्हाला तिच्यापेक्षा त्या सूपवाल्याची जास्त माहिती आहे. त्याच्या मेहुण्याच्या मूळव्याधीपर्यंत."

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी पदराने, म्हणजे हॉटेलच्या कोटाच्या बाहीनेच, डोळे पुसले.

"एक ठिकाण आहे," त्या म्हणाल्या. "मी कुणालाही सांगत नाही."

"का बरं?"

"जिना मोठा आहे. जागा कमी, पसारा फार. आणि स्वयंपाकीण अगदीच वाईट आहे हो."

"किती वाईट?"

"इतक्या वर्षांत नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढ म्हटलेलं नाही."

विहीणबाई दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग टेबलावर वाकून हळूच म्हणाल्या, "मी मशीनवर बसले की माझा भात करपतो. रोज. काल त्या गच्चीवर मला घास गिळवेना. म्हटलं, ह्या बाई रोज असलं खाणार. उद्या आमच्याकडे आल्या तर मी ह्यांना काय वाढू?"

बाईंनी टेबलावर 'बाहेर गेले आहे' अशी पाटी उलटली. ती पाटी मॅनेजरनेही आजवर पाहिली नव्हती. पाहुण्यांबरोबर स्वतः जायची ही त्यांची पहिलीच वेळ.

तिसरा मजला चढताना व्याही प्रत्येक वळणावर थांबले. घरात शिरल्यावर त्यांनी बूट काढले, पायमोजे काढले आणि पलंगावर पाय पसरून हुश्श केलं. घड्याळवाले गाळा बंद करून वर आले आणि टेबलावरचा पसारा आवरायला लागले, तर व्याही म्हणाले, "राहू द्या, बघू तरी," आणि दोन पुरुष एका बारीकशा स्प्रिंगवर डोकी जोडून बसले. स्वयंपाकघरात बटाटे, कांदा आणि अंडी होती. दोघी विहिणींनी मिळून भाजी केली. मीठ दोघींनी घातलं, दोघींनाही दुसरीने घातल्याचं कळलं नाही. बाई लेकीबद्दल सांगत सुटल्या. इंजेक्शनच्या सुईला घाबरून ती टेबलाखाली लपायची, शेवटी तिच्या बापाने तिला तिथेच जेवायला वाढलं, आणि तीच आता गावाला सुया टोचते. रुसली की बोलत नाही, नुसती भांडी घासत सुटते. "हे बरं आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"भाजी खारट झालीय," जेवताना व्याह्यांनी जाहीर केलं. "आणि ती सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ का दाखवतात हो?" मग त्यांनी पुन्हा भाजी मागितली. घड्याळवाल्यांनी बायकोकडे बघितलं आणि त्यांनीही मागितली.

जेवणानंतर व्याही जरा आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. दुपार कलायला लागली. खाली रस्त्यावर बस वळल्याचा आवाज आला. विहीणबाई म्हणाल्या, "ह्यांना उठवायला हवं. गाडीची वेळ होईल." म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

"झोपलेत गाढ," बाई म्हणाल्या.

"ही गाडी चुकली तर पुढची कधी आहे?"

बाईंना शहरातून सुटणारी प्रत्येक गाडी पाठ होती. पुढची संध्याकाळी होती, त्यानंतरची रात्री. टेबलामागे बसून त्यांनी आजवर कुणाला चुकीची माहिती दिली नव्हती.

"पुढची उद्या सकाळीच," त्या म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी भिंगातून मान वर केली, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आल्या दिवशी स्टँडवर परतीची तिकिटं काढताना विहीणबाईंनी गाड्यांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला होता.

"उद्या सकाळीच का," त्या म्हणाल्या. "मग काय इलाज नाही. मलाही एक उशी द्या."