आतल्या खोलीतली मॅच

गल्लीत त्याला सगळे छत्रीवाले म्हणत. पावसाच्या छत्रीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गच्चीवर, पत्र्यावर, खिडकीच्या गजांना, जिथे जागा मिळेल तिथे टीव्हीची डिश बसवायची हा त्याचा धंदा, आणि उमेदीच्या काळात त्याच्यावाचून आख्ख्या वस्तीचं पान हलत नसे. मोठी मॅच तोंडावर आली की लोक दाराशी उभे. "छत्रीवाले, चित्र फुटतंय हो, जरा येऊन बघा ना." हा शिडी खांद्यावर टाकून निघायचा आणि ती खालून धरायला मागोमाग त्याची लेक. उंच पोरगी, लांब हात, वरून पक्कड निसटली तर खाली पडायच्या आत झेलणारी. पुढे ती गोलकीपर झाली यात नवल ते काय!

पण नवल बापालाच वाटलं, आणि ते वाईट अर्थाने. लेक एका तपासणी प्रयोगशाळेत चांगली चिकटली होती. कायमची नोकरी, सावलीतलं काम. ती सोडून तिने दूरच्या शहरातल्या बायकांच्या फुटबॉल क्लबशी करार केला. त्या दिवशी घरात जे वाजलं ते वाजलं. शेवटी दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या पोरीला हा म्हणाला, "ज्या दिवशी खऱ्या चॅनेलवर दिसशील, माझ्या छत्रीवर, त्या दिवशी बोलेन तुझ्याशी. तोवर नाही."

आता दुसऱ्या फळीच्या लीगच्या, त्यातून बायकांच्या मॅच कुठलं चॅनेल दाखवणार? त्या लागायच्या फक्त ॲपवर. हे त्यालाही ठाऊक होतं आणि पोरीलाही. मायलेकी फोनवर बोलत तेव्हा हा बूट घालून बाहेर पडे. सुंभ जळला तरी पीळ जाईना. त्याच्या बायकोने सुरुवातीला समजूत काढून पाहिली, मग भांडून पाहिलं, मग आठ दिवस अबोला धरून पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

ॲपशी तर त्याचं उभं वैर. गल्लीतले लोक एकेक करून डिश काढून टाकत होते, आणि त्या उतरवायलाही त्यालाच बोलावत. ज्या हातांनी बसवल्या त्याच हातांनी उतरवायच्या. "कानामागून आली आणि तिखट झाली," तो म्हणायचा. "आणि लाइव्ह म्हणे! हे शिळं लाइव्ह आहे. माझ्या छत्रीवर गोल होऊन, मिठ्या मारून खेळाडू जागेवर परतसुद्धा येतात, तेव्हा कुठे तुमच्या ॲपवर चेंडू निघतो." यात मात्र तो खोटं बोलत नव्हता. उलट हे सिद्ध करायला मोठ्या मॅचच्या वेळी तो मुद्दाम खिडकीत जाऊन "गोऽऽल!" म्हणून बोंबलायचा, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या ॲपवाल्यांचा आधीच विरस व्हावा. एकदा वरच्या आजोबांनी बादलीभर पाणी ओतलं तेव्हा हे थांबलं.

बायकोने लेकीसाठी ॲप घ्यायचं ठरवलं तेव्हा तिला ते काही जमेना. कधी पासवर्ड चुके, कधी पडदाच काळा. शेवटी त्याने कपाळाला आठ्या घालून पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर ते लावून दिलं. "धंदा म्हणून करतोय," तो म्हणाला. "मी बघणार नाही."

पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन होतं. उसवलेलं शिवून द्यायचं, चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची, असली कामं ती घरूनच करी. लेकीची मॅच असली की मशीन बंद ठेवून हातशिलाई काढून बसे, कारण मशीनच्या आवाजात टीव्हीवर मॅच सांगणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. आतल्या खोलीत त्याचा जुना टीव्ही, छत्रीवाला. मॅच सुरू झाली की हा आत जाऊन दार लोटून घेई आणि गाड्यांची शर्यत नाहीतर कुस्ती, जे असेल ते मोठ्या आवाजात लावून बसे. आख्खा हंगाम असाच गेला. लेकीने एकदा तोंडावर चेंडू खाल्ला, रक्त आलं, तेव्हा ही इथे एकटी पदर तोंडात धरून बसली होती. लेकीने पेनल्टी अडवली तेव्हा ही एकटीच टाळ्या पिटत उठली आणि मग कुणीच नाही म्हणून खाली बसली. भिंतीपलीकडे गाड्या घूं घूं करत फिरत होत्या.

त्या दिवशी हंगामाची शेवटची मॅच होती, भर दुपारची. जिंकणारा संघ वरच्या फळीत जाणार, आणि वरच्या फळीच्या मॅच चॅनेलवर दाखवतात. लेकीने सकाळी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "आई, आज जमलं तर बाबांना माझ्याशी बोलावं लागेल." हसत म्हणाली होती, पण आईला हसण्यामागचं ऐकू येतंच. आपल्या पोरीला बापाशी बोलायला असं काही जिंकावं लागतंय, याची तिला सकाळपासून चीड येत होती.

मॅच सुरू झाली. एका मुलाची पँट मांडीवर, सुई हातात, आणि टाका पडत नव्हता. निम्मा वेळ झाला तेव्हा आतून, गाड्यांच्या आवाजातून, "अरे अरे अरे!" असं आलं. गाडी आपटली असेल, असं तिला वाटलं. पडद्यावर काहीच नव्हतं, चेंडू मधेच घोटाळत होता. मग एकदम समोरच्या संघाची एक मुलगी सुटली, धावत आली, आणि तिचा फटका लेकीने बोटांच्या टोकांनी खांबावर ढकलला. आईने श्वास सोडला. थोड्या वेळाने आतून "शाब्बास" आलं. दबक्या आवाजात, पण आलं. आणि मग पडद्यावर लेकीने हवेत उडी मारून उंच आलेला चेंडू दोन्ही हातांत पकडला.

तिने सुई पँटला टोचून ठेवली.

गाड्यांच्या शर्यतीत शाब्बास कुणाला म्हणतात?

पुढचा अर्धा तास तिने मॅच कानांनी पाहिली. आतून "च्च" आलं की समजायचं, फटका बाहेर गेला. आतून खुर्ची करकरली की आता काहीतरी होणार. आतून "गेला!" असं रडवेलं आलं आणि तिने डोळे मिटून घेतले, मग पडद्यावर गोल झाला, लेकीच्या संघावर. दहा मिनिटांनी आत मांडीवर थाप पडली, आणि तिला आधीच कळलं की बरोबरी झाली. बरोबरी झालीही.

तर हा फोनवर बघत होता. ॲप त्याच्याच हातांनी लावलेलं, पासवर्ड त्याच्याच डोक्यातून निघालेला. गाड्या नुसत्या आवाजाला आडोसा म्हणून. आणि ज्या माणसाने वस्तीला मागचं लाइव्ह आणि पुढचं लाइव्ह शिकवलं, खिडकीत उभं राहून लोकांचे गोल फोडले, त्याच्या हे मात्र ध्यानात आलं नाही की आपला फोन घरातल्या टीव्हीच्याही पुढे धावतोय. शहाण्याची अक्कल गेली होती कुठे? पोरीच्या गोलपोस्टात, आणखी कुठे!

आधी तिला हसू आलं. मग असा संताप आला की पँट बाजूला टाकून ती उठलीच. आख्खा हंगाम! तू भिंतीपलीकडे बसून पोरीसाठी मांडीवर थापा मारतोस, आणि मी इथे एकटी? ती दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवला आणि थांबली. आत शिरून चोर पकडला तर चोरीच बंद होईल. आणि ही चोरी बंद व्हायला नको होती. ती परत येऊन बसली. डोळे भरून आले होते, ते तिने त्या परक्या मुलाच्या पँटला पुसले.

वेळ संपली, बरोबरी तशीच राहिली. आता पेनल्टी. एकेक मुलगी यायची, चेंडू ठेवायची, मारायची. लेकीने एक अडवली, आणि आईला ते आधीच कळलं होतं, कारण आत गाड्यांच्या वर एक हुंकार उठला होता. लेकीच्या संघातल्या एकीचा फटका आडव्या दांडीवर आपटला, तेही आधीच कळलं. होता होता शेवटचा फटका उरला. समोरचीने गोल केला तर खेळ संपला. लेकीने अडवला तर पुढे आशा.

पडद्यावर समोरची मुलगी अजून मधल्या रेषेवरून चालत येत होती. आईने कान आतल्या खोलीकडे लावले.

काहीच आलं नाही. च्च नाही, थाप नाही, खुर्ची नाही.

मग दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा होता, फोन हातात, लपवायचं भान नाही. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं.

"पाणी हवंय," तो म्हणाला.

"माठ तिकडे आहे."

तो माठाकडे गेला नाही. येऊन तिच्या शेजारी बसला. कित्येक महिन्यांत मॅचच्या वेळी तो त्या खोलीत आला नव्हता. पडद्यावर मुलगी चेंडू ठेवत होती.

"सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगत."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. तरी दोघं पडद्याकडे बघत राहिले. त्याने एकदा एकट्याने सोसलेलं तो तिच्यासोबत पुन्हा सोसायला आला होता, आणि एवढ्यासाठी तिने त्याला त्या क्षणी सगळं माफ केलं. लेक डावीकडे झेपावली. चेंडू उजवीकडे गेला. दुसऱ्या संघाच्या मुली किंचाळत धावल्या, आणि कॅमेऱ्याला दुष्टावा सुचल्यासारखा तो लेकीवरच थांबला. ती गोलपोस्टात गुडघ्यांवर बसली होती, हातमोजे मांडीवर, रडतसुद्धा नव्हती.

त्याने फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. तो पुन्हा लावत राहिला. बायकोने त्याला काही सुचवलं नाही, त्यानेही तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी पलीकडून घोगरा आवाज आला.

"बाबा?"

आणि ह्या माणसाने, ज्याने जन्मात एखाद्या गिऱ्हाइकाला खोटा धीर दिला नव्हता, फुटकं चित्र फुटकंच म्हटलं होतं, घसा साफ करून सांगितलं, "वारा होता. चेंडू वाऱ्याने वळला."

"वारा नव्हता, बाबा. मी चुकीच्या बाजूला गेले."

"तू मैदानात होतीस, तुला काय दिसणार? मी नीट पाहिलंय. तुझ्या आईच्या आधी पाहिलंय."



"तुम्ही पाहिलंत? आजची?"

"सगळ्या," तो म्हणाला. "गाढव आहे मी."

"हे मात्र खरं," बायको फोनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

पलीकडून हसू फुटलं, आणि हसता हसता ते रडण्यात गेलं. मैदानावर जे आलं नव्हतं ते आता आलं, हमसून हमसून. आईचा जीव तुटला. तिने फोनसाठी हात पुढे केला.

"रड," तो फोनमध्ये म्हणाला. "मी आहे इथे. कुठे जात नाही."

त्याने बायकोकडे बघून नाही म्हणून मान हलवली आणि फोन तिच्यापासून लांबच्या कानाला लावला.