सहा बाय सातचं स्वयंपाकघर

गल्लीत तिला सगळे वहिनीच म्हणायचे. वयाने कितीतरी मोठा असलेला कोपऱ्यावरचा औषधवालाही वहिनी म्हणायचा आणि शाळेतली पोरंही. ती त्या घरात सून म्हणून आली त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि चौदा वर्षांत दिवसाउजेडी त्या दाराला कडी लागलेली तिने पाहिली नव्हती. सासरे बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण माणसं गोळा करायची खोड गेली नाही. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाची नोकरी गेली, कारखान्यात संप झाला, की माणसं सरळ यांच्याकडे यायची. सासरे बाहेरूनच हाळी द्यायचे, "सूनबाई, पंधरा जण आहेत गं!" आणि वहिनी लहान पातेलं उतरवून मोठं चढवायची. नवरा पंप दुरुस्त करायचा. अबोल माणूस. कामावरून आला की स्वतःच्याच घरात बसायला जागा होईपर्यंत पायरीवर बसून राहायचा.

त्या घराला आग लागली ती भर दुपारी. भिंतीला भिंत लागून गाद्यांचं गोदाम होतं. कापूस आणि फोम असा पेटला की अग्निशामक दलाची गाडी गल्लीत वळेपर्यंत घराचं छप्पर खाली आलं. कुणाच्या जिवाला काही झालं नाही, पण उरल्या त्या चार काळ्या भिंती. वहिनी आपल्या शाळकरी मुलीचं दप्तर छातीशी धरून रस्त्यावर उभी होती. सासरे धावत आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेगडी बंद केली होतीस ना?"

शेगडी सकाळी दहालाच बंद झाली होती. तिने तसं सांगितलं. पण प्रश्न एकदा गल्लीत पडला तो पडलाच. तीन दिवस नळावर, दुकानात, लाँड्रीत तेच चाललं होतं. वहिनीच विसरली असणार, एवढा स्वयंपाक म्हटल्यावर कधीतरी व्हायचंच. बोलणारी तोंडं तिने आपल्या हाताने जेवू घातलेली होती. चौथ्या दिवशी अग्निशामक दलाचा अहवाल आला. आग गोदामातल्या कुजक्या वायरिंगमुळे लागली होती. मग गल्लीने गोदामवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वहिनीजवळ येऊन "चुकलं हो आमचं" म्हणायला मात्र कुणाला सवड झाली नाही. सासऱ्यांनाही नाही.

तरी गल्ली वाईट नव्हती, हे तिलाही मान्य होतं. आठवड्याभरात घर पुन्हा बांधायची समिती झाली. औषधवाला अध्यक्ष झाला. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू आणून टाकली, लाँड्रीवाल्याने वरच्या दोन खोल्या राहायला दिल्या. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं ते राडारोडा उपसायला आले. त्यांना पाहून वहिनीचे डोळे भरून आले. आणि लगेच ती लाँड्रीवरच्या त्या उसन्या खोलीत त्या सगळ्यांसाठी चहा करायला गेली.

आखणीच्या दिवशीही ती चहाच घेऊन आली होती. सिमेंटच्या पोत्यांवर नकाशा पसरला होता. तरुण इंजिनिअर समजावून सांगत होता, सासरे आणि औषधवाला माना डोलवत होते. गवंड्याने फक्की टाकून जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. वहिनीने किटली खाली ठेवली आणि रेघांमधून चालून पाहिलं. पुढे केवढा तरी मोठा चौकोन होता.

"हे काय?"

"हॉल," सासरे कौतुकाने म्हणाले. "बावीस बाय चौदा. त्या टोकाला बोलणाऱ्यांसाठी ओटा. आता कुणाला पायरीवर बसायला नको."

"आणि स्वयंपाकघर कुठंय?"

इंजिनिअरने नकाशावर बोट ठेवलं. "हे ना, वहिनी. जिन्याखाली."

तिने जमिनीवर ते शोधलं. आधी तिला ती कोळशाची खोली वाटली. सहा बाय सात. खिडकी नाही, कारण खिडकीच्या जागी हॉलचा ओटा आला होता. ती त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या रेघांना जवळजवळ टेकतील अशी जागा.

"यात पंधरा जणांचा भात कसा शिजवायचा?"

"आजवर शिजवलासच की," सासरे हसत म्हणाले. "जुनं काय फार मोठं होतं? आणि घर लोकांचं आहे, सूनबाई. लोकांना जागा नको?"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांत तिने या माणसासमोर ब्र काढला नव्हता. आता तिला वाटलं होतं आपला आवाज चिरकेल, पण तो अगदी स्वच्छ निघाला.

"बाबा, लोकांना खायला कोण घालतं?"

"म्हणजे काय, आपणच घालतो."

"आपण नाही. मी घालते. तुम्ही दारातून आकडा सांगता. गल्ली तुम्हाला देवमाणूस म्हणते आणि मला म्हणते, वहिनी, अजून एक कप. माझी ना नाही. भुकेल्याला मी कधी परत पाठवलं नाही, पाठवणारही नाही. पण घर नव्याने बांधताय, अख्ख्या गल्लीला विचारलंत, आणि जी त्या खोलीत दिवसाचे दहा तास उभी राहते तिला विचारावंसं वाटलं नाही?"

"तू कधी तक्रार केली नाहीस," सासरे म्हणाले.

"तुम्ही विचारलंत तेव्हा शेगडीचं विचारलंत!"

औषधवाला चष्मा पुसायला लागला. तोच तीन दिवस आपल्या दुकानात उभा राहून शेगडीचं सांगत होता, हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही कळलं.

"वहिनी, नकाशा मंजूर झालाय," इंजिनिअर चाचरत म्हणाला.

"मग नामंजूर करा."

आणि तिने चपलेने त्या सहा बाय सातची रेघ पुसून टाकली. एक बाजू, मग दुसरी, मग ओट्याची. फक्की तिच्या घोट्यांपर्यंत उडाली.

गवंडी घमेल्यावर बसून बघत होता. तो उठला. "किती हवंय ते सांगा, वहिनी. फक्की पुष्कळ आहे."

"बारा बाय चौदा. रस्त्याकडे खिडकी. आणि एका भिंतीला लांब मोरी हवी, चार नळांची."

"चार?" औषधवाल्याला राहवलं नाही. "चार कशाला?"

"तुम्ही भांडी घासायला याल तेव्हा खोळंबायला नको म्हणून. या घरात जो जेवेल तो आपलं ताट घासून जाईल."

"पण मग हॉल केवढा उरेल? सभा कशा घ्यायच्या?"

"उभ्याने घ्या. लवकर आटपतील."

गवंडी खदखदून हसला. नवरा इतका वेळ टेप हातात धरून नुसता उभा होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो मागे मागे सरकत गेला, थेट बापाच्या हॉलमध्ये. चौदा फूट भरल्यावर थांबला आणि म्हणाला, "इथे रेघ मारा." वहिनीला त्याचाही रागच आला. हेच त्याला नकाशा होत होता तेव्हा सुचायला काय झालं होतं?

सासरे तिथून तडक निघून गेले. अकरा दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. तिने ताट वाढलं, ते जेवले, पण बोलले नाहीत. गल्लीत कुजबुज झालीच. आगीने वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंही कुणी म्हटलं. लाँड्रीवालीने ते तिच्या कानावर घातलं तेव्हा वहिनी म्हणाली, "झालाय. सांग त्यांना."

चार महिन्यांत घर उभं राहिलं, तिने सांगितलं तसं. हॉल आखूड झाला. पहिल्या महिन्यात जेवायला येणारे निम्म्याने घटले. मोरीजवळ रांग लागते म्हटल्यावर काही जणांना एकाएकी घरी कामं आठवायला लागली. वहिनीला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा संताप आला. जे खरेच अडलेले होते ते येत राहिले. औषधवालाही यायचा. त्याला पातेली घासता येत नव्हती, बुडाला करपलेलं तसंच ठेवायचा. ती ते परत त्याच्या हातात द्यायची.

सासरे कांदे चिरायला शिकले. कुणी सांगितलं नाही, एक दिवस येऊन बसले आणि सुरी मागितली. फोडी एवढाल्या मोठ्या व्हायच्या की शिजता शिजायच्या नाहीत. आखणीच्या दिवसाबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

एकदा दुपारी तिचं अंग कसकसत होतं. तिने आतल्या खोलीचं दार लोटलं आणि आडवी झाली. थोड्या वेळाने बाहेर कुणीतरी आलं. सात माणसं बाहेरगावाहून आली आहेत, उपाशी आहेत, असं काहीतरी तिला ऐकू आलं.

"वहिनींना जरा उठवा ना, काका."

"ती झोपली आहे," सासरे म्हणाले.

"दोन मिनिटं फक्त. भाताचंच तर आहे."

"उठवणार नाही म्हणतोय ना! भात मी टाकतो. तू पाणी घे."

पातेल्यांचा खडखडाट झाला. त्यांना मोठं पातेलं सापडत नव्हतं. ते खिडकीखाली होतं, पण ती उठली नाही. डोळे मिटून पडून राहिली. एवढं एक वाक्य ऐकायला अख्खं घर जळावं लागलं, हे मनात आलं आणि तिची झोप पार उडाली.