बोलका तितर

आमच्या ह्यांचा, म्हणजे कोंडूचा, माझ्यापेक्षा त्या तितरावर जास्त जीव. मी तापाने फणफणले तर "पड जरा" म्हणतील. तितर गप्प बसला की मात्र ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

तो बोलका तितर. राहनाळच्या माळावर त्याचा पिंजरा ठेवायचा आणि भोवती पॉवरलूमच्या दोऱ्याचे फासे मांडायचे. तो ओरडला की रानातला नर भांडायला धावत यायचा आणि अडकायचा. असे किती धरले, किती खाल्ले, मसाला मीच वाटला आहे. मग माळावर गोडाउनं उठली, आणि नव्वद साल उलटल्यावर त्याच्या हाकेला जबाब येईनासा झाला.

तितर तरी रोज सकाळी हाक मारायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा. ते ऐकणं मला बघवत नसे. ह्यांनी फासे चुलीत घातले.

"कुठं जबाब आला का, तिथं याला सोडून देईन," म्हणाले. "एकटा सोडून काय उपेग? जबाब आला म्हंजी तिथं मादी असंल, पिलां असतील."

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," मी म्हणाले. पण मनातून मलाही तेच हवं होतं.

एका सकाळी गोडाउनांच्या मागच्या गवतातून जबाब आला.

पिंजरा घेऊन आम्ही म्हातारा-म्हातारी धावलो. आमचा ओरडायचा, तो उत्तर द्यायचा. अगदी जवळ गेल्यावर ह्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. तितर तीरासारखा गवतात शिरला. हे रडले, आणि मीही रडले.

तेवढ्यात पंखांची फडफड ऐकू आली आणि थांबली.

गवत बाजूला केलं, तर पलीकडच्या पाड्यावरचा बाळाराम बसलेला. फासे मांडायला त्याला ह्यांनीच शिकवलं होतं. त्याच्यासमोर पिंजरा, पिंजऱ्यात त्याचा बोलका तितर. आणि फाशात आमचा, मान मोडलेला.

"दादा, मना वाटला रानातला हाय," बाळाराम पांढराफटक पडला होता. "इतक्या वर्सांनी कोनी जबाब दिला."

"मना बी तसाच वाटला," हे म्हणाले.

बाळारामच्या तितराने पुन्हा हाक मारली. मान वाकडी केली आणि ऐकत राहिला. आम्ही तिघंही ऐकत राहिलो. कुठूनच काही आलं नाही.

शेवटी ह्यांनी तोंडाला ओंजळ लावली आणि तितराच्या आवाजात जबाब दिला.

तेव्हापासून रोज सकाळी हे त्या गवतात जाऊन बसतात. पलीकडून बाळारामच्या तितराची हाक येते, हे जबाब देतात. मी आता थट्टा करत नाही.