गिरकीवीराची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जे सांगणार आहे ते घडलं २०१९ साली. पण त्याची मुळं त्याच्या किती तरी आधीची, म्हणून जरा मागून सुरुवात करते. मला घाई जमत नाही.

जेवणाच्या टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्यांपैकी मी एक. माझ्या वाट्याला ओलसर लाकूड आलं. ते वाळलं, आकसलं आणि माझ्या मागच्या पायाचा सांधा कायमचा सैल राहिला. बसणारा जरा पुढे झुकला की मी 'कुर्र' करायचे. पाच बहिणी चांगल्या घरी गेल्या. मला एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओच्या मालकानं पडत्या भावात उचललं आणि बाहेरच्या खोलीत ठेवलं. तिथंही लोक माझ्यावर बसायचे आणि दचकून उठायचे.

मग एक दिवस मावशी आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, गळ्याशी रुमाल. त्यांना सगळेच मावशी म्हणत. आवाज मात्र दहा वर्षांच्या खोडकर मुलाचा! 'गिरकीवीर' नावाची नवी कार्टून मालिका येणार होती. त्यातला मुलगा स्वतःभोवती गिरकी घेऊन आकाशात झेपावायचा आणि लोकांना संकटातून सोडवायचा. त्याचा आवाज मावशींचा. त्या माझ्यावर बसल्या, पुढे झुकल्या, मी कुरकुरले. त्या मागे रेलल्या, पुन्हा झुकल्या, मी पुन्हा कुरकुरले. मावशी गालातल्या गालात हसल्या. "मला हीच खुर्ची द्या," त्या म्हणाल्या.

ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. टाचणी पडली तरी ऐकू येतं, अशी त्याची ख्याती. मला आत नेलं, तसा तो काचेमागून ओरडला, "मावशी, ही बोलते हो!"

"बोलू दे की. मी काय गप्प बसायला आलेय?"

कानसेनानं कपाळाला हात लावला. पण मावशींनी ऐकलं नाही, आणि गिरकीवीर दर वेळी 'गिरकी!' असं ओरडायच्या आधी माझं 'कुर्र' मुद्रित होत गेलं.

का, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मावशींची छाती लहानपणापासून कमजोर. एवढी मोठी आरोळी ठोकायची तर आधी खोल श्वास लागायचा आणि तो आत जाताना शिट्टीसारखा वाजायचा. त्या नेमक्या क्षणी त्या पुढे झुकायच्या. माझ्या कुरकुरीखाली त्यांचा श्वास झाकला जायचा. ही गोष्ट दोघींतच राहिली.

मालिका गाजली. 'कुर्र' हा गिरकीवीराच्या बुटांचा आवाज आहे, असं मुलांनी परस्परच ठरवून टाकलं. असे बूट कुठं मिळतात म्हणून ती विचारायची. काही मुलं घरातल्या खुर्च्यांवरून गिरकी घेऊन पडायची. त्या खुर्च्यांनी माझ्या नावानं किती बोटं मोडली असतील, कोण जाणे!

मग मालिका बंद झाली. मावशी येईनाशा झाल्या. मला जिन्याखालच्या अडगळीत टाकण्यात आलं. माझ्यावर फरशी पुसायच्या बादल्या ठेवल्या गेल्या. पाय सुजले, रंग उडाला. तक्रार नाही, पण मी थकले होते. आणि खरं सांगायचं तर, मला कुणी बोलावू नये असंच वाटायला लागलं होतं.

पण २०१९ साल उजाडलं आणि गिरकीवीर नव्यानं येणार, अशी बातमी फुटली. या वेळी मालिका हलकीफुलकी, हसवणारी. मला पुसूनबिसून पुन्हा आत आणलं. नवी दिग्दर्शिका तरुण होती. ती फोनवर जुन्या चाहत्यांचे निरोप वाचायची आणि डोकं धरायची.

"ऐका हं, कानसेनकाका. 'आमच्या गिरकीवीराचा विदूषक केलात तर याद राखा.' हा दुसरा. 'आवाज तोच हवा आणि कुर्र तेच हवं, नाहीतर आम्ही बघणार नाही.' बाई गं! अजून एक चित्र धड हललेलं नाही आणि यांचा निकाल लागूनसुद्धा गेला."

"प्रेम आहे त्यांचं," कानसेन म्हणाला. त्याचे केस आता पांढरे झाले होते.

"प्रेम आहे की पाळत?"

तिनं गिरकीवीराच्या आवाजासाठी एक नवी मुलगी निवडली होती. पण मालकांचा धीर सुटला. त्यांनी मावशींना बोलावणं धाडलं, आणि ठरवलं की रविवारी काही चाहत्यांना बोलवायचं, पहिला प्रसंग ऐकवायचा. चाहत्यांनी मान डोलावली तर मालिका होणार, नाहीतर गुंडाळणार.

मावशी आल्या त्या जिन्यात दोनदा थांबून. मला पाहताच पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तूही आलीस होय? आपल्याला काही सुटका नाही बाई."

त्यांनी दिग्दर्शिकेला स्पष्टच सांगितलं, "मुली, मला आता हे झेपत नाही. या पोरीला करू दे."

"मावशी, एकदाच. लोक फक्त तुमच्यासाठी थांबलेत."

नवी मुलगी कोपऱ्यात नखं खात उभी होती. ती पुटपुटली, "आणि मी केलं ना मावशी, तर मला फाडून खातील ते."

मावशींनी डोळे मिटले. त्यांना मोकळं व्हायचं होतं, पण मोकळं करणं ना दिग्दर्शिकेच्या हातात होतं, ना मालकांच्या. ते त्या चाहत्यांच्याच हातात होतं, आणि त्यांना तर हे ठाऊकही नव्हतं.

शनिवारी, सगळे घरी गेल्यावर, एक आडदांड सुतार आला. रविवारच्या पाहुण्यांत तोही होता. पाहुण्यांसाठी बाक ठोकायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं होतं. "मावशींची खुर्ची!" म्हणत त्यानं मला देवासारखा हात लावला. मग हलवून पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. "अरे देवा, ही तर खिळखिळी झालीय. म्हातारं माणूस पडायचं एखादं!" त्यानं माझा सांधा उकलला, खरवडला, पाचर मारली, सरस भरला आणि दोरीनं करकचून बांधून ठेवलं. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी सगळी हाडं जागच्या जागी बसली होती. पण काय होऊन बसलंय, हे सांगायला मला तोंड कुठं होतं?

रविवारी सकाळी त्यानं दोरी सोडली आणि चाहते जमले. हा सुतार, केसांत रुपेरी बटा आलेल्या एक शिक्षिका, आणि बँकेतला एक कारकून, जो गिरकीवीराचा जांभळा झगा घालून आला होता. झगा पोटावर मावत नव्हता. सगळे श्वास रोखून बसले.

मावशी माझ्यावर बसल्या. पुढे झुकल्या. मी गप्प.

त्या शांततेत तो श्वास सगळ्यांनी ऐकला. लांब, शिट्टी वाजवत, मध्येच तुटणारा. मग आरोळी आली, "गिर..." आणि अर्ध्यातच चिरकली.

"थांबा, थांबा!" कानसेन काचेमागून धावत आला. "कुर्र कुठं गेलं?"

सुतार अभिमानानं उभा राहिला. "खुर्चीचं म्हणता? काल मीच बसवली घट्ट. आता हलायची नाही कधी."

"अरे गाढवा, तीच तर कुरकुर हवी होती!"

सुताराचं तोंड उघडंच राहिलं. "ती... ती बुटांची होती ना?"

कुणालाच हसू आलं नाही. शिक्षिकेनं हळूच विचारलं, "आणि आधी ते शिट्टीसारखं काय वाजलं?"

"ती मी, बाळ," मावशी म्हणाल्या. "श्वास घेते. तेव्हाही असाच घ्यायचे. ही बिचारी झाकून न्यायची."

"इतकी वर्षं?" कानसेन मटकन बाकावर बसला. "आणि मला वाटायचं, तुम्हाला बूड स्थिर ठेवता येत नाही!"

आता मात्र मावशी हसल्या, आणि हसताहसता खोकल्या. कारकुनानं सवयीनं म्हटलं, "मावशी, परत एकदा घ्या ना. या वेळी जमेल."

"गप रे!" सुतार त्याच्यावर खेकसला. "त्यांचा जीव चाललाय आणि तुझं परत एकदा!"

कारकून ओशाळला. त्यानं झग्याची गाठ सोडली. "म्हणजे आम्ही ऐकलं ते..."

"तुम्ही ऐकलंत ते सगळं खरं," मावशी म्हणाल्या. "आणि मी दमायचे, तेही खरं. आता सोडा मला."

मग शिक्षिका म्हणाली, "ती नवी मुलगी कुठंय? तिला तरी ऐकू द्या."

मावशी उठल्या. नव्या मुलीला त्यांनी माझ्यावर बसवलं आणि कानाशी म्हणाल्या, "झाकू नकोस. खुशाल मोठ्यानं घे."

मुलगी इतकी घाबरली होती की तिनं भलताच मोठा श्वास घेतला, तो सोडायलाच विसरली, आणि 'गिरकी'च्या जागी उचकी आली. कारकून खो खो हसत सुटला. मग शिक्षिका, मग सगळेच.

"हेच!" दिग्दर्शिका टाळी वाजवून म्हणाली. "हेच ठेवायचं. आपला वीर आता उडायच्या आधीच दमतो."

सगळे सुताराकडे पाहू लागले. तो गंभीरपणे विचार करत होता. "चालेल," तो म्हणाला. "मीही दमतो हल्ली."

मालिका झाली आणि बरी चालली. नव्या मुलीला मुलं विचारतात, गिरकीवीराला सर्दी झालीय का? आणि त्याचा श्वास पहिल्या भागात होता तसाच राहिला पाहिजे, असा हट्ट धरणारे नवे चाहतेही आता तयार झाले आहेत. शिक्षिका त्यांतल्या काहींना वर्गात रोज भेटते. कारकुनाचा झगा त्याच्या लेकीनं कापून बाहुलीला शिवला. कानसेन निवृत्त झाला. आपल्या कानांची कुणी स्तुती केली की तो विषय बदलतो. मावशी पुन्हा स्टुडिओत आल्या नाहीत. तीन वर्षं खिडकीशी बसून त्यांनी ती मालिका पाहिली, मनापासून हसल्या, आणि एका दुपारी झोपेतच गेल्या.

मला सुतारानं घरी नेलं. माझी कुरकुर परत आणायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, पण पटाशी हातात घेतली आणि ठेवून दिली. आता मी त्याच्या स्वयंपाकघरात असते. संध्याकाळी तो कामावरून येऊन जड अंगानं माझ्यावर टेकतो. मी त्याला पेलते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणते की ज्यानं तुम्हाला भरपूर आनंद दिला, त्याला मधूनमधून विचारावं, दमलास का? आणि तो 'हो' म्हणाला, तर आणखी काही मागू नये. त्याला आधी बसायला द्यावं.